लाल गोळीचा पूर्वेतिहास

मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे जाताना कोलाडजवळ कुंडलिका नदी लागते. वैशाखात कोकणातल्या बहुतेक नद्यांच्या पात्रांत दगडधोंड्यांवाचून काही दिसत नाही. कुंडलिका मात्र वाहत असते. ही किमया निसर्गाची नव्हे. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळा नदी अडवून टाटांनी मुळशीचे धरण बांधले. त्याचे पाणी घाटाखाली भिरा येथील वीजकेंद्रात उतरते आणि जनित्रे फिरवून झाली की कुंडलिकेला मिळते. हे केंद्र १९२७ साली सुरू झाले. त्यापायी मावळच्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या आणि सेनापती बापटांनी सत्याग्रह मांडला, ही हकीकत वाचकांना ठाऊक असेलच. ती वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. त्या गिरण्यांत राबायला माणसेही कोकणातूनच गेली. कोणी धरमतरहून आगबोटीने, तर कोणी घाट चढून आगगाडीने.

गिरण्यांची ही गोष्ट आम्ही उगाच काढली नाही. तिचा संबंध एका लहानशा लाल गोळीशी आहे.

काही वर्षांपूर्वी कोलाडच्या आसपासच्या एका वाडीवर आमचे जाणे झाले होते. घरांमागच्या उकिरड्यावर औषधाच्या गोळ्यांची पाकिटे पडलेली दिसली. एकही गोळी काढलेली नव्हती. सोबतच्या आशाताईंनी ती उचलली आणि काही न बोलता पिशवीत टाकली. गरोदर बायांना फुकट मिळणाऱ्या लोह आणि फॉलिक आम्लाच्या त्या गोळ्या होत्या. विचारल्यावर कारणे समजली. गोळी घेतली की मळमळते, शौचास काळे होते, पोर काळे निपजते, पोटात पोर फार वाढते आणि मग बाळंतपण अडते. एक म्हातारी आम्हांला म्हणाली, “फादर, आमची दहा-दहा बाळंतपणे झाली, तेव्हा कुठे होती गोळी?” तिच्या दहांपैकी किती मुले जगली, हे विचारण्याचा धीर आम्हांला झाला नाही.

आम्ही स्वतःही या बाबतीत फारसे शहाणे नव्हतो. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि ईश्वरविज्ञान शिकलो. बाईच्या पांढुरक्या पडलेल्या पापणीचा अर्थ आम्हांला कोणी शिकवला नव्हता. धाप लागते, पाय सुजतात, चूल सारवताना माती खावीशी वाटते, असे सांगणाऱ्या माउलीला ‘दिवस भरत आले की असे व्हायचेच’ असे उत्तर आम्ही तरुणपणी दिलेले आहे. त्या लाल गोळीचा पूर्वेतिहास शोधावासा वाटला तो या अज्ञानाच्या रुखरुखीतून.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. मराठीत आपण ‘जीवनसत्त्व’ म्हणतो, ते इंग्रजीतल्या ‘व्हिटॅमिन’साठी. हा शब्द कासिमिर फुंक या पोलिश शास्त्रज्ञाने १९१२ साली घडवला. भात, भाकरी, तेल हे शरीराचे सरपण. जीवनसत्त्वे सरपण नव्हेत. ती अत्यल्प लागतात, पण शरीर ती स्वतः पुरेशी बनवू शकत नाही आणि ती नसली तर भरल्या पोटीही माणूस खंगतो. ‘अ’ जीवनसत्त्व डोळ्याला अंधुक उजेडात पाहण्याचे बळ देते. ते नसले की दिवेलागणीला मूल चाचपडू लागते आणि दुर्लक्ष झाले तर बुबुळ कायमचे जाते. ‘ब१’ कोंड्यात असते. तांदूळ पांढराशुभ्र सडला की ते गेले, आणि त्यातून बेरीबेरी होऊन पाय लुळे पडतात. ‘ड’ शिवाय हाडांत चुना बसत नाही. ‘क’ नसले तर शरीराचे सांधणकामच थांबते: हिरड्या सुजून रक्त येते, जखमा भरत नाहीत, जुने व्रणही उघडतात. या शेवटच्या रोगाला स्कर्व्ही म्हणतात आणि त्याची आठवण आपल्या किनाऱ्याच्या इतिहासात आरंभापासूनच आहे.

कोलाडहून कुंडलिकेच्या काठाने खाली रोहा आणि पुढे खाडीच्या मुखाशी रेवदंडा लागते. एका तीरावर पोर्तुगीजांच्या चौलचा तट, दुसऱ्या तीरावर कोर्लईचा डोंगरी किल्ला. कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत आजही पोर्तुगीज धाटणीची बोली घराघरांत बोलली जाते. ज्या जहाजांतून ही भाषा इथवर आली, त्या जहाजांवर हिंदुस्थानापर्यंत पोहोचणे हीच मोठी गोष्ट होती. वास्को द गामा लिस्बनहून निघाला तो जुलै १४९७ मध्ये. पुढच्या जानेवारीत, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, त्याच्या खलाशांचे हातपाय सुजले आणि हिरड्या वाढून दातांवर आल्या. खरा घात झाला तो परतीच्या वाटेवर. कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून ऑक्टोबर १४९८ मध्ये निघालेल्या ताफ्याला प्रतिकूल वारे आणि निवांत समुद्र यांमुळे अरबी समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले. ताफ्यातल्या कोणा अनामिकाने लिहिलेली रोजनिशी उपलब्ध आहे. तो सांगतो की या एका टप्प्यात तीस माणसे मेली, तितकीच आधी मेली होती, आणि प्रत्येक जहाजावर काम करू शकणारे सात-आठच उरले होते. मालिंदीला लागताच वास्कोने माणूस पाठवून किनाऱ्यावरून संत्री आणवली, कारण आजाऱ्यांना त्यांचीच आस लागली होती. काहींच्या बाबतीत उशीर झालेला होता. माणसेच नाहीत म्हणून पुढे एक जहाज जाळून टाकावे लागले.

या हकीकतीतले एक वाक्य आमच्या मनातून जात नाही: आजाऱ्यांना संत्र्यांची आस लागली होती. म्हणजे काय हवे, हे त्या निरक्षर खलाशांच्या शरीराला कळत होते. तरीही पुढची अडीचशे-तीनशे वर्षे युरोपच्या सर्व दर्यावर्दी राष्ट्रांची माणसे या रोगाने मरत राहिली. गोव्याला उतरणाऱ्या आजारी खलाशांसाठी राजाचे मोठे इस्पितळ होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्याची व्यवस्था येशूसंघीयांकडे आली, आणि १६०८ साली तिथे रुग्ण म्हणून राहिलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाने त्याची तोंड भरून स्तुती केली आहे. स्वच्छ बिछाना आणि ताजे अन्न मिळताच पुष्कळ रुग्ण हिंडूफिरू लागत असतील यात आम्हांला नवल वाटत नाही. पण बरे कशाने झाले, हे कोणी वेगळे काढून पाहिले नाही. ते १७४७ साली जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारी वैद्याने पाहिले. बारा रोगी घेतले, दोन-दोनांच्या सहा जोड्या केल्या, प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. यानंतर तरी निकाल लागावा! पण ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सक्तीचा केला तो १७९५ साली, अठ्ठेचाळीस वर्षांनी. खलाशी काय, बंदरात दुसरे मिळत. हे आमचे म्हणणे कठोर वाटेल, पण त्या काळचे जमाखर्च असेच चालत.

लिंबातले ते द्रव्य शेवटी १९२८ साली आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी या हंगेरियन शास्त्रज्ञाने वेगळे काढले, जरी हेच ते ‘क’ जीवनसत्त्व हे सिद्ध व्हायला आणखी चार वर्षे गेली. त्याच १९२८ साली, भिऱ्याची वीज मुंबईला पोहोचल्याच्या दुसऱ्या वर्षी, ल्यूसी विल्स नावाची चाळिशीची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली.

तिचा जन्म १८८८ सालचा. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात तिने वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून १९११ मध्ये परीक्षा दिली. पदवी मात्र मिळाली नाही, कारण केंब्रिजने स्त्रियांना पदव्या देण्यास सुरुवात केली ती १९४८ साली. नंतर लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय विद्यालयातून ती १९२० मध्ये डॉक्टर झाली. मुंबईत तिला आणले ते डॉ. मार्गारेट बॅल्फर यांनी. हिंदुस्थानात बाळंतपणात इतक्या स्त्रिया का मरतात, याची चौकशी तेव्हा चालली होती आणि त्यातला एक प्रश्न होता गरोदरपणीच्या भीषण रक्तक्षयाचा. रक्त इतके पातळ होई की बाई बाळंत होताच हृदय थांबे.

तिची प्रयोगशाळा परळला हाफकिन संस्थेत होती. आपल्या वाचकांना हे ठाऊक असो वा नसो, ही जुनी वास्तू मूळची पोर्तुगीज अमदानीतला मठ आणि चर्च. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी ती येशूसंघाकडून काढून घेतली, तिथे गव्हर्नरांचा बंगला झाला आणि १८९९ मध्ये प्लेगच्या लसीसाठी डॉ. हाफकिन तिथे आले. ज्या दालनात एकेकाळी मिस्सा होत असे, त्याच इमारतीत आता गिरणगावच्या आयांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जाऊ लागले.

विल्सबाईंनी आधी रोग पाहिला आणि मग घर पाहिले. आम्हांला त्यांची थोरवी यात वाटते. एस. एन. तळपदे यांच्यासमवेत त्यांनी मुंबईतल्या स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. ती १९३० च्या सुमारास प्रसिद्ध झाली. कोण काय खाते, दूध मिळते का, हिरवी भाजी किती वेळा शिजते, उजेड-वारा किती, हे सारे विचारले गेले. रक्तक्षयाचे प्रमाण सर्वांत अधिक आढळले ते गरीब मुसलमान स्त्रियांत, आणि त्यांचाच आहार सर्वांत निकृष्ट होता. सुखवस्तू घरांतल्या, फळे आणि दूधदुभते खाणाऱ्या स्त्रियांना हा आजार क्वचितच होई. रोगजंतू शोधणाऱ्यांच्या त्या युगात तिने ताटात डोकावून पाहिले.

त्या काळी युरोप-अमेरिकेत अशाच दिसणाऱ्या एका घातक पंडुरोगावर यकृत खाऊ घालण्याचा उपाय नुकताच, १९२६ मध्ये, सापडला होता. मुंबईचा रोग तोच असावा असे अनेकांना वाटे. विल्सबाईंनी फरक दाखवला. त्या रोगात जठरातले आम्ल नाहीसे होते. मुंबईच्या बायांचे तसे नव्हते. अशुद्ध यकृतार्काने दोन्ही रोग बरे होत, पण शुद्ध केलेल्या यकृतार्काने मुंबईच्या बायांना गुण येत नसे. म्हणजे शुद्ध करताना जे टाकून दिले जाई, त्यात यांचे औषध होते. यकृत तर महाग, आणि पुष्कळांना निषिद्ध. स्वस्त काही हवे होते.

प्रयोग सरळ झाले नाहीत. उन्हाळ्यात कुन्नूरच्या पाश्चर संस्थेतही काम चाले. उंदरांना मुंबईतल्या गरीब बायांसारखे अन्न दिले, त्यांना रक्तक्षय झाला. पण उवांमुळे पसरणाऱ्या एका वेगळ्याच संसर्गाने त्या निष्कर्षांत घोटाळा माजवला. मग माकडे घेतली. बिलिमोरिया नावाच्या सहकाऱ्याबरोबर १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात माकडांना निकृष्ट आहाराने हुबेहूब तोच रक्तक्षय झाल्याचे दाखवले आहे. मरणपंथाला लागलेल्या एका माकडाला मार्माइट चाटवले आणि ते उठून बसले, अशी हकीकत सांगतात. मार्माइट म्हणजे बिअरच्या कारखान्यात तळाशी उरणाऱ्या यीस्टचा काळपट, खारट अर्क. इंग्रज लोक तो पावाला लावून खातात. आपल्याकडे ताडी-माडीने पीठ आंबवणाऱ्या सुगरणींना यीस्ट काही परके नाही, पण त्याकडे औषध म्हणून कोण पाहणार? विल्सबाईंनी ते रुग्ण बायांना दिले. काही दिवसांत रक्तात नव्या लाल पेशी दिसू लागल्या, भूक लागली, बाया उठल्या. जून १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हा वृत्तान्त छापला. यीस्टमधल्या त्या अनाम द्रव्याला पुढे कित्येक वर्षे ‘विल्स घटक’ म्हणत.

नाव मिळायला आणखी दहा वर्षे लागली. १९४१ साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे झाले. लॅटिनमध्ये पानाला ‘फोलियम’ म्हणतात, म्हणून ते फॉलिक आम्ल. ते कारखान्यात बनवण्याची रीत १९४५ च्या सुमारास अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत साधली, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. शुद्ध यकृतार्कातले दुसरे द्रव्य, ‘ब१२’, १९४८ मध्ये हाती आले आणि विल्सबाईंनी दाखवलेला फरक अचूक होता हे सिद्ध झाले.

या द्रव्याचे शरीरातले काम काय? पेशी दुभंगून एकीच्या दोन होताना तिच्या केंद्रातल्या आनुवंशिक लेखाची नक्कल करावी लागते. त्या नकलेची शाई फॉलिक आम्लावाचून बनत नाही. हाडांच्या मगजात दर क्षणी लाखो रक्तपेशी तयार होतात. शाई कमी पडली की पेशी वाढतात, पण वेळेवर दुभंगत नाहीत. मोठ्या, कच्च्या आणि संख्येने थोड्या अशा पेशी रक्तात येतात. गरोदरपणी आईला स्वतःच्या रक्ताबरोबर गर्भाचीही घडण करायची असते, म्हणून तूट आधी तिथे दिसते. आणखी एक गोष्ट १९९१ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने सिद्ध केली. ज्या आयांचे आधीचे मूल पाठीच्या कण्याच्या वा मेंदूच्या व्यंगाने जन्मले होते, त्यांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल दिले असता तशा व्यंगाची पुनरावृत्ती सुमारे बहात्तर टक्क्यांनी घटली. कणा गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांतच मिटतो. पुष्कळदा बाईला दिवस गेल्याचे कळण्याआधीच. लग्नाच्या तयारीसाठी येणाऱ्या वधूवरांना आता आम्ही हे न लाजता सांगतो.

येथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर विल्सबाईंवर आमचा लोभ जडला म्हणून आम्ही अतिशयोक्ती केली असे होईल. आपल्या बायकांच्या रक्तक्षयाचे सर्वांत मोठे कारण फॉलिक आम्लाची नव्हे, लोहाची तूट हे आहे. त्यात जंत, पाठोपाठची बाळंतपणे आणि ‘ब१२’ची उणीव यांची भर. म्हणून लाल गोळीत दोन्ही आहेत: आजच्या सरकारी प्रमाणानुसार साठ मिलिग्रॅम लोह आणि अर्धा मिलिग्रॅम फॉलिक आम्ल. ही योजना भारतात १९७० मध्ये सुरू झाली. २०१८ पासून ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ या नावाखाली गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस गोळी घ्यावी असे ठरले आहे. इतके असूनही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर स्त्रियांपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयी आढळल्या. सूक्ष्मदर्शक, माकडे, पालक, कारखाना, सारे झाले. गोळी मात्र वाडीच्या उकिरड्यावर पडली!

त्याला केवळ बायांचे अज्ञान कारण आहे असे आम्हांला वाटत नाही. शौचास काळे होते ते न पचलेल्या लोहामुळे, त्यात अपाय नाही, हे तिला पाच मिनिटे बसून कोणी सांगितले होते? मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर घ्यावी, मात्र चहाबरोबर घेऊ नये, कारण चहा लोहाला अडवतो, हे तरी? आणि कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळसा पाडायला परमुलखात जातात. सहा महिन्यांच्या गोळ्यांचा हिशेब ज्या वहीत, ती वही इथेच राहते.

अन्नाचे म्हणाल तर ही भूमी कफल्लक नाही. भात कापला की त्याच शेतात, उरलेल्या ओलीवर, वाल पेरतात. रायगडच्या कडव्या वालाची कीर्ती मुंबईपर्यंत आहे. वाल, चवळी, कुळीथ यांत फॉलिक आम्ल भरपूर असते, मोड आणले की ते आणखी वाढते. माठ आणि पावसाळ्यातला टाकळा यांतही ते आहेच. हे द्रव्य पाण्यात उतरते आणि फार शिजवले की नासते. भाजी उकडून पाणी ओतून देणारी गृहिणी औषध मोरीत घालवते. उलट थंडीत शेतावर जी पोपटी लावतात, तिच्यात मडके भांबुर्डीच्या पाल्याने भरतात, वालाच्या शेंगा घालतात, पण पाण्याचा थेंब नसतो. गंमत म्हणून जे चालत आले, ते पाकशास्त्राच्या दृष्टीनेही बरे. मात्र पोपटीच्या पंगतीत बाई शेवटी बसते, आणि मडक्याच्या तळाशी काय उरते ते आपण सर्व जाणतो.

विल्सबाई अखेरपर्यंत अविवाहित राहिल्या. १९३७-३८ मध्ये त्या पुन्हा हाफकिन संस्थेत काम करून गेल्या. निवृत्तीनंतरही जमेका, फिजी, दक्षिण आफ्रिका इथल्या रक्तक्षयाचा अभ्यास करत हिंडल्या आणि एप्रिल १९६४ मध्ये वारल्या. त्यांनी ज्यांचे रक्त तपासले त्या मुंबईच्या बायांची नावे कुठेच नाहीत.

गेल्या पावसाळ्यात आम्ही त्याच वाडीवर पुन्हा गेलो होतो. आशाताई बदललेल्या होत्या. नव्या ताई गोळ्या वाटून निघून जात नाहीत. दुपारची जेवणे आटोपली की ओट्यावर बायांना बसवतात, पाण्याची कळशी मागवतात आणि समोर गोळी घ्यायला लावतात. पाण्यात त्या लिंबू पिळतात. आम्ही कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “फादर, लिंबाने लोह अंगी लागतं. ‘क’ जीवनसत्त्व असतं ना त्यात!” ओट्याच्या टोकाला ती दहा बाळंतपणांची म्हातारीही बसली होती. नातसुनेच्या पेल्यात लिंबाची बी पडली, ती तिने बोटाने काढून टाकली आणि पेला पुढे केला.